डावी चप्पल

गेणू मिस्त्रींनी पहिल्याच भेटीत माझी चप्पल मागितली. तीही डावी.

गाडी त्यांच्या लिंबाच्या झाडाखाली उभी होती. तिच्यातून जळका वास येत होता, मी घामाघूम झाले होते, आणि हा पन्नाशीचा, तेलकट खाकी शर्टातला माणूस गाडीकडे ढुंकूनही न बघता हात पुढे करून म्हणाला, "डावी चप्पल काढा बाई."

"मिस्त्री, गाडी बिघडलीय माझी. चप्पल नाही."

"ते कळलं. वास येतोय की. चप्पल द्या."

बाजारचा दिवस होता. पाथर्डीच्या एस्टी स्टँडसमोर, एवढ्या माणसांच्या देखत, मी डॉक्टरीणबाई एका पायावर उभी राहिले आणि चप्पल काढून दिली. का दिली म्हणाल, तर दवाखान्यात मी ज्या आवाजात 'जीभ दाखवा' म्हणते ना, तसाच त्यांचा आवाज होता. त्यांनी चप्पल उलटी केली आणि तळावरून अंगठा फिरवला. चवड्याखाली तळ इतका झिजला होता की बोटानं दाबला तर आत जात होता. टाच मात्र कोरी करकरीत.

"तुमी गाडी चालवत न्हाई बाई," ते म्हणाले, "तुमी तिला धरून ठिवता. क्लचवरचा पाय उचलीतच न्हाई तुमी."

समोरच्या चहाच्या टपरीवरून कुणीतरी ओरडलं, "काय गेणू, बाईमानसाच्या चपला उचलाया लागला व्हय?" चारजण हसले. त्या हसण्यात काय होतं ते मला जरा उशिरानं कळलं. गेणू मिस्त्री बौद्ध. त्यांच्या वडलांच्या पिढीला गावाचे जोडे उचलावे लागले होते आणि ते कुणीच विसरलं नव्हतं, हसणारेही नाही आणि मिस्त्रीही नाहीत. त्यांनी चप्पल माझ्या पायापाशी सरळ ठेवली आणि टपरीकडे बघून शांतपणे म्हणाले, "माज्या बापाला उचलाया लावायचे. मी मागून घेतो. वाचायला. तुजी आन, तुजी बी वाचून दावतो." हसणं थांबलं.

मी घाबरट आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. दवाखान्याला कुलूप लावून मी चार पावलं जाते आणि परत येऊन कुलूप ओढून बघते. स्टोव्ह विझवला का ते बघायला पुन्हा आत जाते. बाळंतीण सुखरूप घरी गेली तरी तीन दिवस गोळा माझ्या पोटात. पुण्यात वडलांनी मला गाडी शिकवली तेव्हा एकच धाक घातला होता, गाडी मध्येच बंद पडू द्यायची नाही. झालं, तेव्हापासून माझा डावा पाय कायम क्लचवर. केव्हा दाबायची वेळ येईल, सांगता येतं का? इंग्रजांच्या वेळची, तीन गिअरची, चार माणसं अंग चोरून बसतील एवढीशी ती गाडी वडलांनी मला दिली आणि ती घेऊन मी पाथर्डीत दवाखाना थाटला. क्लचच्या पेडलचं रबर केव्हाच गेलं होतं. त्या उघड्या लोखंडावर चप्पल टेकवून मी दोन वर्षं तालुका पालथा घातला.

माझ्या एकटीचीच चप्पल त्यांनी वाचली असं नाही. नगरच्या लष्करी वर्कशॉपात वीस वर्षं काढून ते गावी परतले होते, आणि तिथं शेकडो ड्रायव्हरांचे बूट बघून बघून त्यांना ही विद्या आली होती. गाडी खोटं बोलत नाही पण गाडीवाला बोलतो, असं त्यांचं म्हणणं. एका वकीलसाहेबांचा उजवा बूट बघून त्यांनी सांगितलं होतं, "ब्रेकला काय बी झालं न्हाई साहेब. घरात भांडून गाडीत बसत जाऊ नका." वकील रागावून निघून गेले. पुढं महिनाभरानं त्यांच्या बायकोनं मिस्त्रींकडे पेढे पाठवले.

तर त्या दिवशी चप्पल वाचून झाल्यावर ते गाडीत बसले. हँडब्रेक ओढला, वरचा गिअर टाकला आणि अनवाणी पायानं क्लच सोडला. खरं तर इंजिन तिथल्या तिथं बंद पडायला हवं. ते आपलं मजेत चालू!

"बगा," ते म्हणाले, "इंजिन येगळं आन चाकं येगळी. दोगांची गाठ घालून देनारी मधली प्लेट संपली. सपाटीला चालंल कशीबशी. घाटाला न्हाई."

घाटाला नाही म्हणजे नगरला नाही. पाथर्डीहून नगरला जाताना करंजीचा घाट चढावा लागतो, आणि ऑपरेशन करणारा मोठा दवाखाना होता नगरला.

माझ्या डोक्यात त्या आठवड्यात एकच बाई होती. कौसा. बहात्तरचा दुष्काळ चालू होता, अर्धा तालुका खडी फोडत होता आणि कौसाही दिवस भरत आलेलं पोट घेऊन गावाबाहेरच्या खडीकेंद्रावर बसत होती. नवरा ऊसतोडीला गेलेला, सोबतीला म्हातारी सासू. तिचं पहिलं बाळंतपण अडलं होतं. पोट उघडून मूल काढलं, ते मेलेलंच निघालं. आता दुसऱ्या खेपेला कळांच्या जोरानं आतला जुना टाका फाटू शकत होता. फाटला तर मूल जाणार आणि बहुतेक आईही. कळा सुरू झाल्या की चार-पाच तासांत तिला नगरच्या टेबलावर पोचवायचं, एवढं एकच काम माझ्याकडे होतं. मी तिला परोपरीनं सांगितलं, आधीच जाऊन राहा म्हणून.

"तितं मेलं माजं," ती म्हणाली. "कळा आल्याबिगर तितं पाऊल टाकायची न्हाई मी. आन हजेरी बुडली तर खायाचं काय? तुमची गाडी हाय की बाई."

शेवटी मी एवढंच कबूल करून घेतलं, की दिवसा हजेरीला जा पण मुक्काम माझ्या दवाखान्याच्या ओसरीवर. ती आणि सासू वळकट्या घेऊन आल्या. सकाळची एस्टी चुकली की दुपारपर्यंत दुसरी नाही, सरकारी जीप दुष्काळाच्या दौऱ्यावर. राहता राहिली माझी गाडी, आणि तिची ही तऱ्हा.

हे सगळं मी मिस्त्रींना एका दमात सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि हिशेब सांगितला. गिअरबॉक्स उतरवून चढवायचा, त्याला ते खेप म्हणत. एका खेपेचे पंधरा रुपये. प्लेटीला लावायचं लायनिंग, म्हणजे पकड देणारा खरखरीत थर, नगरहून एस्टीच्या ड्रायव्हरच्या हाती मागवायचं, त्याचे वेगळे. सगळं मिळून तीन दिवस.

"तीन दिवस? आणि तेवढ्यात तिच्या कळा सुरू झाल्या तर?"

"उगडली तर तीन दिस गाडी न्हाई. न्हाई उगडली तर घाटाला गाडी न्हाई. कवा नसली तर चालंल, ते तुमी सांगा."

"अहो, तुम्हीच सांगा ना काहीतरी!"

"गाडीचं मी सांगितलं. बाईचं तुमी सांगायचं."

मी उघडा म्हटलं. माझ्या हिशेबानं अजून आठवडा होता.

त्यांचं काम मी पहिल्यांदा बघितलं ते दुसऱ्या दिवशी. गाडी लाकडी ओंडक्यांवर चढवलेली. मिस्त्री उताणे झोपून खाली सरकले आणि छातीवर एक काळीकुट्ट उशी घेतली. गव्हाच्या कोंड्याची, त्यांच्या बायकोनं, पारूबाईनं शिवलेली. शेवटचा बोल्ट सुटला की तो लोखंडी गिअरबॉक्स दोन्ही हातांनी पेलत ते त्या उशीवर उतरवून घेत, आणि मग मिनिटभर तसेच पडून राहत. श्वास जुळवून घेत. मग हळूच बाहेर सरकत. त्या मिनिटात कुणी बोलायचं नाही, असा त्यांचा दंडक होता. मला कुठला माहीत असायला! मी वाकून विचारलं, "मिस्त्री, लायनिंग नक्की येईल ना उद्या?"

खालून आधी खोकला आला, मग आवाज. "बाई, छातीवर गाडी हाय. जरा दम काढा."

लायनिंग दुसऱ्या दिवशी आलं नाही. ड्रायव्हरची पाळी बदलली होती म्हणे. आणि त्याच दुपारी, नगरची एस्टी निघून गेल्यावर, कौसा खडीवरून पोट धरून परत आली.

मी धावत लिंबाखाली गेले. "बंद करा! उघडलेली गाडी परत जोडा. जुनीच प्लेट घाला. तिला कळा येतायत."

"उद्या सकाळच्या गाडीनं लायनिंग येतंय बाई. अर्धा दिस थांबा. जुनी प्लेट घाटाला टिकायची न्हाई."

"मला नाही थांबता येत! तुम्ही बंद करा म्हणते ना मी."

ते तिथंच मांडी ठोकून बसले. जुनी प्लेट पेट्रोलनं धुतली, मांडीवर घेऊन सँडपेपरनं खसाखसा घासली, तोंडाजवळ धरून फू फू करून पूड उडवली. धूर निघावा तशी ती पूड त्यांच्या तोंडावर आली. मी शेजारी उभी राहून घड्याळ बघत होते. "लवकर, मिस्त्री," मी म्हणत होते. पुन्हा ते खाली गेले, गिअरबॉक्स छातीवर घेतला आणि खालून वर चढवला. संध्याकाळी गाडी चालू झाली. आणि कौसाचं दुखणं थांबलं होतं. सासू म्हणाली, "खोट्या कळा व्हत्या बाई. आता झोपलीया."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस्टीनं लायनिंग आलं. मिस्त्रींनी पुडकं आणून माझ्या टेबलावर ठेवलं. "आलं. उगडू का?"

मी उघडा म्हणाले. ते वळले तेवढ्यात मी थांबा म्हटलं. आज नको, तिचा भरवसा नाही, म्हटलं. मग म्हटलं, पण आजच केलेलं बरं ना? मग म्हटलं, दुपारी सांगते. दुपारी म्हटलं, उद्या बघू. ते दोन्ही वेळा आले आणि दोन्ही वेळा परत गेले. संध्याकाळी तिसऱ्यांदा येऊन जाताना दारात थांबून म्हणाले, "बाई, क्लचचं एक असतंय. दाबायचा तर पुरता दाबावा. न्हाईतर पाय उचलून घ्यावा. मधीच पाय ठिवला की जळतंय."

"मला गाडी चालवायला शिकवू नका," मी फाडकन म्हटलं. ते गाडीबद्दल बोलत नव्हते हे मला तेव्हाही कळलं होतं.

खऱ्या कळा त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झाल्या, एस्टी गेल्यावर तासाभरानं. मी निरोप पाठवला आणि मिस्त्री आले ते अवजारांची पेटी, कोंड्याची उशी आणि ते लायनिंगचं पुडकं घेऊन. सगळं गाडीत कोंबलं. "हे ओझं कशाला?" मी ओरडले. "असू द्या," म्हणाले आणि माझ्या शेजारी बसले. मागं कौसा आणि सासू.

तिसगाव गेलं, करंजी गेलं. सपाटीला गाडी चालली. कौसा दात आवळून बसली होती, तोंडातून हूं की चूं नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटत होती. घाट सुरू झाला आणि दुसऱ्याच वळणावर इंजिन ओरडायला लागलं आणि गाडी जागची हलेना. तोच जळका वास. गाडी मागं घरंगळायला लागली. मी ब्रेकवर उभीच राहिले म्हणा ना! मिस्त्रींनी उडी मारून चाकामागं दगड लावला.

"इंजिन बंद करा. प्लेट गार हू द्या."

"किती वेळ?"

"पाव घंटा."

पाव तास! भर उन्हात, त्या उघड्याबोडक्या घाटात, मागच्या सीटवर कळा मोजत मी पंधरा मिनिटं काढली. आयुष्यातली सर्वांत लांब पंधरा मिनिटं. कौसानं माझा हात धरला होता. "बाई, गाडी मेली का?" तिनं विचारलं. मी नाही म्हटलं. म्हणताना घड्याळाकडे बघितलं, आणि ते तिनं पाहिलं. काल पाय उचलला असता, काल एकदा ठाम 'उघडा' म्हटलं असतं, तर निदान आपण एका बाजूला असतो, एवढंच डोक्यात घुमत होतं.

मिस्त्रींनी मग सांगितलं, "गाडी फिरवू. तोंड पाथर्डीकडं."

"परत जायचं?"

"परत कशाला? पाठीनं चढायचं. हिचा रिवर्स पयल्या गिअरपरीस हळू हाय. प्लेटीला जोर कमी लागतो."

सासू म्हणाली, "आगं बया! उलटं?"

"उलटं तर उलटं आजी. नगर तर तिकडंच हाय न्हवं?"

त्यांनी एकट्यानं ढकलून, दगड लावत, गाडी त्या अरुंद रस्त्यात फिरवली. मग माझ्या खिडकीशी येऊन आत हात घातला आणि स्टेरिंग धरलं. "वळवायचं माज्याकडं. तुमी मागं बगू नका, फुडं बी बगू नका. उजवा पाय हाय तितकाच दाबून ठिवा. क्लच एकदाच पुरता दाबा, गिअर टाका, सोडा. आन मग डावा पाय वर घ्या."

"वर म्हणजे?"

"आसनावर. मांडीखाली. जेवाया बसता तसा."

मी गिअर टाकला, क्लच सोडला आणि एक पाय मांडीखाली घेऊन बसले. गाडी थरथरली, आणि मागं सरकली. मागं म्हणजे वर. माणूस चालतो त्या चालीनं आम्ही करंजीचा घाट उलटे चढत होतो आणि मिस्त्री एक हात स्टेरिंगवर ठेवून, मान मागं वळवून, खिडकीला लागून चालत होते. वळण आलं की त्यांचा हात फिरायचा. माझ्या नजरेसमोर पाथर्डीकडचा रस्ता खाली खाली जात होता. एका वळणावर वरून मालट्रक आला. मला भोंगा ऐकू आला आणि माझा पाय आपोआप मांडीखालून निसटून क्लचकडे गेला.

"पाय!" मिस्त्री ओरडले. त्यांनी आवाज चढवलेला मी एकदाच ऐकला, तेव्हा. मी पाय उचलला. ट्रकवाला कडेला थांबून आ वासून बघत राहिला. त्याला हात करायलाही मिस्त्रींना फुरसत नव्हती.

माथ्यावर आल्यावर ते मैलाच्या दगडावर बसले आणि दुमडून खोकायला लागले. बराच वेळ. "घशात धूळ बसली," मी म्हटलं. ते मानेनंच हो म्हणाले. पुढं सपाटी होती, गाडी सरळ करून मी वरच्या गिअरमध्ये जपून नगर गाठलं. कौसाला टेबलावर घेतलं तेव्हा बारा वाजून गेले होते. डॉक्टर ओळखीचे होते, त्यांनी मला आत उभं राहू दिलं. पोट उघडलं तेव्हा जुना टाका कागदासारखा पातळ झाला होता. फाटला नव्हता. मुलगी निघाली. रडली. मी तिथंच भिंतीला टेकून बसले.

बाहेर आले ती मिस्त्रींना सांगायला. दवाखान्याच्या आवारात चिंचेखाली गाडी चार विटांच्या थप्प्यांवर चढवलेली होती. लायनिंगचं पुडकं फोडलेलं. नवं लायनिंग रिव्हेट मारून प्लेटीला बसवून, घासून, फुंकून तयार होतं, आणि पांढरी पूड तिथल्या मातीवर पसरली होती. गाडीखाली दोन पाय दिसत होते. मी वाकले. गिअरबॉक्स त्यांच्या छातीवर होता, उशीवर, आणि डोळे मिटलेले.

मी बोलले नाही. ओठावर आलेलं तसंच धरून मी त्या विटांपाशी उकिडवी बसून राहिले. जन्मात पहिल्यांदा मी कुणाला तरी त्याचं मिनिट दिलं. मग खालून आवाज आला, "सांगा बाई."

"मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत."

"मंग रडता कशाला? जरा तो पाना सरकवा इकडं."

संध्याकाळी मी त्यांना दोन खेपांचे तीस रुपये पुढे केले. त्यांनी पंधरा घेतले. "पयली खेप तुमच्या भ्याची व्हती," म्हणाले. "भ्याचे पैसे मी घेत न्हाई."

हे वाक्य मी पुढे कितीजणांना हसत सांगितलं. पाथर्डीत तो किस्साच झाला होता. डॉक्टरीणबाई घाट उलट्या चढल्या! मिस्त्री रस्त्यात भेटले की नजर माझ्या पायाकडे टाकत आणि मी पदर सावरावा तशी चप्पल लपवत असे. खोकला त्यांचा चालूच होता. मी औषधाची बाटली देत होते. ते ती पारूबाईला नेऊन देत होते आणि पारूबाई त्यांना देत होती.

सात-आठ वर्षांनी त्यांना जिना चढवेना. मग लिंबापर्यंतही चालवेना. मी छातीला नळी लावली, आवाज ऐकला आणि क्षय ठरवला. आमच्याकडे खोकणारा, वाळलेला माणूस म्हणजे क्षय, दुसरं मनात येतच नसे. वर्षभर मी त्यांना क्षयाची औषधं आणि इंजेक्शनं दिली. अंगावर मांस राहिलं नाही. शेवटी त्यांना पुण्याला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी फोटो उजेडाला धरला, माझी तपासणीची चिठ्ठी वाचली नाही, काही नाही, आणि पहिला प्रश्न विचारला, "हा माणूस काम काय करतो?"

मी सांगितलं. गाड्यांचं. ब्रेकचं, क्लचचं. लायनिंग बसवतो.

"घासतो? फुंकतो?"

मी हो म्हटलं. त्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. त्याची पूड फुप्फुसात जाऊन बसते आणि कधीच निघत नाही. डॉक्टर इंग्रजीत सांगत होते. मिस्त्री माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. ज्या माणसानं गाडीकडे बघण्याआधी माझी चप्पल मागितली, त्याला मी नऊ-दहा वर्षांत कधी विचारलं नव्हतं की तुम्ही दिवसभर काय करता. विचारायची गरजही नव्हती. मी बघत उभी होते. मी घड्याळ हातात धरून, लवकर, मिस्त्री, लवकर, म्हणत होते.

एका दिवसाच्या फुंकरीनं कुणाचं फुप्फुस जात नाही, हे डॉक्टर म्हणून मला कळतं. तीस वर्षांच्या फुंकरी होत्या त्या. पण त्यांतली एक माझ्या भीतीची होती, आणि तिचे त्यांनी पैसे घेतले नव्हते.

परतीच्या वाटेवर करंजीचा घाट उतरताना मी त्यांना सगळं सांगून टाकलं. क्षय नाही, मी चुकले, वर्ष फुकट गेलं, आता औषध नाही. सांगताना मला हुंदका आवरेना. ते खिडकीतून त्या वळणाकडे बघत होते. "तुमी चुकला, मला ठाऊक नव्हतं," म्हणाले. "मी फुंकत व्हतो ते इख हाय, तुमाला ठाऊक नव्हतं. फिटलं." मग माझ्या पायाकडे बघून म्हणाले, "क्लचवर पाय हाय तुमचा."

होता. मी उचलला.

शेवटच्या आठवड्यात मी रोज त्यांच्याकडे जात होते. करण्यासारखं काही नव्हतं, तरी नाडी बघायची, उशी सारखी करायची, खिडकी उघडायची, पुन्हा लावायची. तीच कोंड्याची उशी पारूबाईनं धुऊन, नव्या अभ्र्यात घालून त्यांच्या पाठीमागं लावली होती. झोपलं की श्वास कोंडायचा, म्हणून ते बसूनच असत. कौसा मुलीला घेऊन येऊन गेली होती. एका दुपारी मी तिसऱ्यांदा नाडी धरायला गेले तेव्हा त्यांनी हात सोडवून घेतला आणि पुढे केला.

"डावी काढा."

मी चप्पल काढून त्यांच्या हातात दिली. पंधरा दिवसांपूर्वीच मी नवा जोड घेतला होता आणि मनातून मला बरंच वाटलं, की निदान आज तरी पकडली जाणार नाही. त्यांनी ती उलटी केली. अंगठ्यात जोर नव्हता, तरी तळावरून टाचेपर्यंत सावकाश फिरवला. धाप लागली म्हणून थांबले. मग हसले.

"नवी हाय," म्हणाले. "ही तरी सरळ झिजवा बाई."

ते गेल्यावर ती चप्पल मी दोन वर्षं वापरली. अंगठा तुटला तेव्हा चांभाराकडे टाकण्याआधी मी तिला उलटी करून बघितलं. चवड्याखाली झिजली होतीच. पण टाचही झिजली होती.